गोडे पाणी, खारे पाणी

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सोनाळा हे गाव आहे. गावाच्या उत्तरेस डोंगर चढू लागतो आणि १९९७ साली घोषित झालेल्या अंबाबरवा अभयारण्याचे सागवान सुरू होते. दक्षिणेस काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पूर्णा नदीकडे उतरत जातो. कोणत्याही नकाशाने ठळक न केलेली एक सीमा याच उतारावर आहे. डोंगराकडील विहिरींचे पाणी गोडे असते. पूर्णेच्या दिशेने जावे तसतसे ते मचूळ होते आणि पुढे खारे. हाच तो खारपाणपट्टा. तेथील पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी सतत ऐकू येतात.

सोनाळ्यातील एका व्यापारी कुटुंबातील आजींचे माहेर या खाऱ्या पट्ट्यातले. लग्न होऊन सोनाळ्यास आल्यावर पहिल्यांदा वरणाची डाळ तासाभरात शिजलेली पाहून त्या थक्क झाल्या होत्या, ही गोष्ट घरात सर्वांना पाठ आहे. पाणी गाळून घेण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. दुहेरी गाळण्यातून पाणी गाळायचे, गाळण्यावर गाळलेलेच पाणी ओतून जिवाणी भांड्यात उतरवायची आणि बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीने ती ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, पाण्याच्या पृष्ठभागाशी नेऊन, हलकेच सोडायची. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही; गोड्याचा खाऱ्यात नाही आणि खाऱ्याचा गोड्यात नाही.

मुलाने सहकुटुंब केनियाच्या सहलीचे ठरविले, तेव्हा आजींच्या पिशवीत सर्वांत आधी गाळणे गेले.

जेवणाची चिंता सर्वांना होती, पण ती नैरोबीतच मिटली. कच्छ-सौराष्ट्रातून गेलेले जैन व्यापारी शतकाहून अधिक काळ पूर्व आफ्रिकेत स्थायिक आहेत. तेथे जिनालये आहेत, आणि कांदा-लसणाविना स्वयंपाक म्हणजे काय हे तेथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचेही सोपे झाले. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण साडेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा ऋतूप्रमाणे घड्याळ बदलावे लागत नाही.

नैरोबीच्या वायव्येस जमीन एकाएकी खचते. पूर्व आफ्रिका चिरत गेलेल्या महाखचदरीचा हा कडा आहे. खाली उतरल्यावर पहिले मोठे पाणी लागते ते नैवाशाचे. समुद्रसपाटीपासून सुमारे १८८० मीटर उंचीवरचे हे सरोवर लव्हाळ्यांनी वेढलेले आहे. नावेतून जाताना पाणघोड्यांच्या पाठी काळ्या खडकांसारख्या वर येतात आणि पुन्हा बुडतात. मत्स्यगरुडाची हाक दूरवर ऐकू येते. चमत्कार असा की या सरोवरातून बाहेर पडणारी एकही नदी दिसत नाही, तरीही पाणी गोडे आहे. कोंडलेले पाणी सूर्याने आटत जाते आणि क्षार मागे उरून ते खारट होते, हा सर्वसाधारण नियम. नैवाशाचे पाणी मात्र तळाशी जमिनीखालून झिरपून निघून जाते आणि जाताना क्षारही घेऊन जाते. या गोड्या पाण्यावरच काठचे गुलाबाचे मळे उभे आहेत. तेथील फुले विमानाने युरोपच्या बाजारात जातात. सोनाळ्याच्या व्यापाऱ्याने तेथे बराच वेळ भाव, नासाडी आणि विमानाचे भाडे यांची चौकशी केली. पाणघोडे त्याने नंतर पाहिले.

मुक्कामी आजींनी विचारले, "हे पाणी कुठले?" उत्तर आले, बोअरचे. "मग जिवाणी सोडायची कुठे?" याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

दुसरे सरोवर नाकुरू. तेही त्याच दरीत आहे, फार दूर नाही. पण त्याला वर किंवा खाली कोठेच वाट नाही, म्हणून ते खारे. त्या क्षारयुक्त पाण्यात निळसर हिरवे सूक्ष्म शैवाल दाट वाढत असे आणि ते खाण्यासाठी रोहित पक्षी लाखांनी उतरत. गुलाबी काठाची ती छायाचित्रे पाहूनच मुलांनी या स्थळाचा हट्ट धरला होता. प्रत्यक्षात काठावर बाभळीच्या जातीची वाळलेली झाडे पाण्यात उभी होती. २०१० नंतर सरोवराची पातळी वाढत गेली, रस्ते बुडाले, राष्ट्रीय उद्यानाचे जुने मुख्य प्रवेशद्वारही पाण्याखाली गेले. खार पातळ झाला, शैवाल घटले आणि रोहित मोठ्या संख्येने उत्तरेकडच्या बोगोरिया सरोवराकडे वळले. गेंडे दिसले, पाणकोळी दिसले. गुलाबी काठ काही दिसला नाही.

"गोडे पाणी वाढले, तर त्यात वाईट काय?" हा पहिला प्रश्न आजींचाच होता. खाऱ्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने तो विचारणे स्वाभाविक आहे. पण वाटाड्याचे म्हणणे नातवाने मराठीत सांगताच त्यांनी मान हलविली. खाऱ्याचा जीव गोड्यात जगत नाही, हे त्यांना नव्याने शिकावे लागले नाही.

परतल्यावर मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत लोणारचा आग्रह धरला. जिल्ह्याच्या उत्तर टोकाहून दक्षिण टोकापर्यंत, शेगाव, खामगाव आणि मेहकर करीत, हा प्रवास होतो. खरे म्हणजे आफ्रिकेस जाण्याआधीच तो व्हावयास हवा होता. पण घराजवळचे स्थळ मागे राहते, हे बहुतेक कुटुंबांत घडते.

लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले आहे. त्याचा व्यास सुमारे १८०० मीटर आहे. वरच्या काठावरून पाहिले की तळाशी हिरवट पाण्याची वाटोळी परात दिसते. गोमुखाची गोड्या पाण्याची धार अखंड खाली जाते आणि तळाशी पोहोचून खारट होते, कारण येथूनही पाण्याला बाहेरची वाट नाही. पूर्वी पाणी आटले की काठावर क्षारांचे थर जमत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची प्रतवारी होती आणि काच, साबण व रंगाच्या धंद्यांत त्यांना मागणी होती. पापडखाराशिवाय ज्या घरांचा उन्हाळा पार पडत नाही, त्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. केनियातील मगादी सरोवरातून असाच सोडा आजही काढला जातो, आणि तो उद्योग आता टाटांच्या कंपनीकडे आहे.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासात दिसले. त्याच वर्षी सरोवरास रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्यानंतर चित्र उलटे झाले. पातळी चढत गेली आणि काठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पाणी आले. मुलांना नाकुरूची वाळलेली झाडे आठवली. लोणारचा खार पातळ झाला, तर त्यातच जगणारे जीव जातील कोठे? त्यांना जवळपास बोगोरिया नाही.

येताना वाट थोडी वाकडी करून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन झाले. येथील जलाच्या स्पर्शाने राजाचा त्वचारोग बरा झाला आणि त्याच पाण्यातून प्रभूंची मूर्ती प्रकट झाली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. दर्शनास गर्दी होती. मुक्काम झाला नाही.

सुट्टीचा शेवटचा दिवस वारी भैरवगडासाठी होता. येथे वान नदी सातपुड्यातून बाहेर पडते. अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या सीमेवर तिला धरणाने अडविले आहे. वारीच्या मारुतीवरून त्या जलाशयास हनुमान सागर हे नाव पडले. तीन बाजूंनी डोंगर, मधे सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर साठ्याचे निळे पाणी. नैवाशाहून हे स्थळ उणे आहे असे तेथे उभे राहून कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की येथे नावेत बसण्यापेक्षा नळ सुटण्याची वाट पाहणारे अधिक. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच जलाशयावर उभी आहे. शेतीचे सिंचन, इतर शहरांची मागणी आणि ही गावे यांच्यात या पाण्याच्या वाटणीवरून तंटे आणि आंदोलने झाली आहेत. खाऱ्या विहिरींच्या मुलखात गोड्या पाण्याचा प्रत्येक थेंब आधीच कोणाच्या तरी नावावर मांडलेला असतो.

आजींच्या माहेरी आता हेच पाणी नळाने येते. तेथली विहीर वापरात नाही. त्यांच्या वहिनींनी मागे एकदा विचारले होते, "वन्सं, नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडायची हो? विहीर तर खारी आहे."

धरणाच्या भिंतीपासून काही अंतरावर, काठाच्या दगडांवर आजी बराच वेळ बसून राहिल्या. नातवाने शंका काढली, क्लोरीन घालून आलेल्या पाण्यात जीव उरतात तरी का? आजींनी त्याच्याकडे पाहिले, पण उत्तर दिले नाही. सूर्य डोंगराकडे झुकत होता आणि डबे अजून उघडायचे होते.