ओमियाच्या बोन्साय गावात

ऑफिसच्या कामासाठी जूनमध्ये टोकियोला गेले होते. एक रविवार मोकळा मिळाला. सहकारी फुजी बघायला निघाले, मी मात्र अर्ध्या तासाची ट्रेन पकडून ओमियाला गेले. कारण बडोद्याला आमच्या गच्चीवर एक रिकामी कुंडी आहे.

बाबांनी सात वर्षं जपलेल्या पाइनच्या बोन्सायची ती कुंडी. दोन वर्षांपूर्वी ते दवाखान्यात असताना मी उत्साहाने झाड छाटलं, पार हिरव्या सुया संपेपर्यंत. पुन्हा फुटवा आलाच नाही. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

१९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय-माळी मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत ओमियाला आले. १९२५मध्ये ही वस्ती वसली. त्यांचे सुरुवातीचे नियम मला फार आवडले: घरी निदान दहा बोन्साय हवीत, कुंपण झुडपांचं, घर एकमजली आणि फाटक सगळ्यांना उघडं.

एका बागेत वयस्कर माळीकाका काळ्या पाइनचे कोंब कापत होते. थोडं इंग्रजी, बाकी खुणा, असं आमचं बोलणं झालं. वसंतात आलेले मेणबत्तीसारखे कोंब जून-जुलैत बुडाशी कापायचे. मग दुसरा फुटवा येतो, त्याच्या सुया आखूड राहतात. आधी दुबळे कोंब कापायचे, दहाएक दिवसांनी जोमदार. त्यामुळे दुबळ्यांना वाढायला जास्त वेळ मिळतो. थंडीच्या तोंडावर जुन्या सुया काढायच्या, त्याही जोमदार फांदीच्या जास्त. शेजारच्या पाच सुयांच्या पांढऱ्या पाइनपाशी मात्र त्यांनी कात्री मागे घेतली. तो वर्षातून एकदाच फुटतो, त्याचे कोंब वसंतात बोटांनी नुसते खुडायचे.

मी मोबाइलवर आमच्या झाडाचा फोटो दाखवला. काकांनी उघड्या फांदीवर बोट ठेवून मान हलवली. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर पाइन सहसा फुटत नाही.

रात्री बाबांना फोन करून पहिल्यांदा माफी मागितली.

“अगं, पहिली दोन झाडं मीच घालवली होती,” ते हसले. “तुला कधी सांगितलं नाही, हे चुकलंच माझं.”

आता त्या कुंडीत वड आहे. वडांवरून नाव पडलेल्या आमच्या गावात तो मजेत वाढतोय. पहिली छाटणी मी केली, बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते.