आरशातला खुनी

हॉरर सिनेमांना मी फारसा घाबरत नाही. पण दारिओ अर्जेंतोचा 'प्रोफोंदो रोस्सो' (१९७५), म्हणजेच 'डीप रेड', मला दरवेळी अस्वस्थ करतो. (मंडळी, पुढे शेवट फोडणार आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या!)

सुरुवातीला एका नाट्यगृहात परामानसशास्त्रावर कार्यक्रम चालू असतो. हेल्गा उलमन ही दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारी बाई बोलता बोलता एकदम किंचाळते. प्रेक्षकांत एक खुनी बसलाय आणि तो पुन्हा खून करणार आहे! आपल्याला वाटतं, चला, आता ही त्याला पकडून देणार. पण थोड्याच वेळात तिचाच खून होतो. तिला कळलंय हे खुन्यालाही कळलं, एवढंच त्या शक्तीचं फलित.

मग शोध घेतो मार्कस हा पियानोवादक (डेव्हिड हेमिंग्ज). खालच्या चौकातून त्याला खिडकीत हेल्गा दिसते. तो धावत वर जातो आणि दोन्ही बाजूंना चित्रं लावलेल्या बोळातून तिच्यापर्यंत पोचतो. नंतर त्याच्या डोक्यात एकच भुंगा: तिथलं एक चित्र गायब झालंय. अगदी शेवटी उलगडतं, की ते चित्र नव्हतंच. तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा दिसला होता. गंमत म्हणजे कॅमेऱ्याने तो आपल्यालाही दाखवलेला असतो. मागे जाऊन बघा, आहे तिथे!

आमच्या धंद्यात सर्व्हर झोपला की प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, "मी काहीच बदललं नाही." खोटं कुणीच बोलत नसतं. पण लॉग उघडला की भलतंच निघतं. म्हणून मी आधी लॉग बघतो, मग माणसांना विचारतो.

कोर्टात मात्र बऱ्याचदा लॉग नसतो, फक्त कुणाची तरी आठवण असते. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरून सुटलेल्यांपैकी बहुतेकांच्या खटल्यांत प्रत्यक्षदर्शींनी चुकीचा माणूस ओळखला होता. त्यातल्या कित्येकांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. साक्षीदार लबाड होते असं नाही, त्यांना खात्रीच होती. मार्कसलाही चित्राची खात्रीच होती की!

बाकी रक्तपात भरपूर आहे, लहान मुलांना लांब ठेवा. गॉब्लिनचं संगीत मात्र मोठ्या आवाजात ऐका.