आत काय आहे?

मुंबईत गोदीच्या स्फोटाची गोष्ट निघाली की ती बहुतेक वेळा सोन्याच्या विटांवर येऊन थांबते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. त्यात १२४ सोन्याच्या विटा होत्या. त्यातली एक मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या सज्जात पडली आणि त्याने ती सरकारजमा केली. पण उमेदीची सगळी वर्षे अग्निशमन दलात घालवलेल्या माझ्यासारख्याला सोन्यापेक्षा त्या जहाजातला कापूस अस्वस्थ करतो.

इंग्लंडहून निघालेले हे जहाज कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीत त्यावर कापसाच्या ८,७०० गाठी, तेल, लाकूड आणि गंधक चढवले गेले. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तर खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना होती. युद्धाचे दिवस होते, जहाजांची चणचण होती, हे सगळे मान्य. तरीही माझ्या लेखी तो गुन्हाच होता.

कापसाची आग कशी असते, हे मी लालबागच्या एका गिरणीच्या गोदामात पाहिले आहे. गाठ दाबून बांधलेली असते, त्यामुळे ज्वाळा दिसत नाही. वरून पाण्याचा मारा करा, ती भिजते, विझल्यासारखी दिसते. मग लोखंडी पट्टी तोडली की गाठ फुगून उलगडते आणि आत लालबुंद निखारा असतो. ही आग तासन् तास धुमसते. विझवायची तर एकेक गाठ बाहेर ओढून फोडावी लागते.

जहाजावर ते शक्य नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, जवानांनी आत सुमारे ९०० टन पाणी सोडले. पाणी चढत गेले तशा पेटत्या गाठी तरंगत वरच्या दारूगोळ्याकडे सरकल्या. आतले पाणी उकळू लागले. जहाज आहे तिथेच बुडवावे की गोदीबाहेर काढावे, यावर कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे अधिकारी आणि अग्निशमन अधिकारी यांचे एकमत होईना. प्रत्येकाकडे थोडाथोडा अधिकार होता. अखेरचा हुकूम कोणी द्यायचा, हे ठरलेले नव्हते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. जहाज सोडायचा हुकूम येईपर्यंत ते पाइप धरून डेकवर उभे होते.

माझी आजी तेव्हा लालबागला खानावळ चालवायची. ती सांगे, मांडणीवरची भांडी खाली आली आणि जपान्यांनी बॉम्ब टाकला म्हणत सगळी चाळ रस्त्यावर धावली. तिच्याकडे गिरणीवाल्यांबरोबर गोदीत जाणारेही जेवायला असत. त्या रात्री तिने त्यांची ताटे झाकून ठेवली. एक जण तिसऱ्या दिवशी आला, अंगभर काजळी, कानाने बहिरा. बाकीच्यांच्या ट्रंका तिने गाववाल्यांबरोबर बोटीने कोकणात पाठवल्या आणि वहीतली त्यांची बाकी खोडून टाकली.

मृतांचा आकडा कुठे ८००, तर कुठे १,३०० दिला जातो. एवढी तफावत का, याचे उत्तर मला त्या ट्रंकांमध्ये दिसते. टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर गोदीत शिरलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर असेलच असे नव्हते. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला तो १९४८ मध्ये. शिवाय युद्धकाळातली बातमीबंदी होती. सायगावच्या जपानी ताब्यातल्या रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले. खानावळीत, चाळीच्या गॅलरीत जे बोलले गेले, तेवढेच मागे उरले, आणि ती पिढीही आता संपत आली.

आमच्या परळ-लालबागमध्ये १४ एप्रिल म्हणजे आधी आंबेडकर जयंती, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो या ६६ जणांमुळे. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. खिशाला लावायचा कागदी झेंडा त्या आठवड्यात कोणी पुढे केला, तर तो कशासाठी हे मुलांना सांगा.

आणखी एक विनंती, दिवाळी तोंडावर आहे म्हणून. आगीच्या जागी पोहोचलेला जवान पहिला प्रश्न विचारतो, ‘आत काय आहे?’ गिरगाव-लालबागच्या चाळीत जिन्याखाली सिलिंडर, माळ्यावर कापडाचे गठ्ठे आणि दुकानामागे फटाक्यांची खोकी असतात आणि दंडाच्या भीतीने कोणी तोंड उघडत नाही. १०१ ला फोन कराल तेव्हा आत कोण अडकले आहे आणि काय साठवले आहे, हे न विचारता सांगा. दंडाचे नंतर पाहता येईल. आणि जिना आजच मोकळा करा.