घेतलेलें परत करणें

लोणावळ्यास ज्यानें एक आषाढ काढला आहे, त्याला गळती म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मृग लागण्यापूर्वीं छप्पर शाकारून घेतलें नाहीं, तर पुढें चार महिने घरांतील पातेलीं स्वयंपाकघर सोडून माजघरांत मुक्कामाला येतात. संगणकाच्या मेमरीलाहि गळती लागते, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. पण ती छपराच्या गळतीहून अगदीं उलट असते, हें मला गेल्या जुलैंत समजलें. आणि त्या शिक्षणाची फी माझ्या एका विद्यार्थिनीनें भरली.

मी गणित शिकवितों. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतून आमच्याकडे मुलें येतात. एकाच तालुक्यांत घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि तळेगांवच्या बाजूस जातां जातां तो पुष्कळच कमी होतो. हा उतार मुलांनीं स्वतः मोजावा, या हेतूनें मीं कांहीं जणांना साधीं पर्जन्यमापकें दिलीं व रोज सकाळीं साडेआठाचा आंकडा फोनवरून पाठविण्यास सांगितलें. आलेले आंकडे टिपून त्यांचे आलेख काढणारी आज्ञावली मीं स्वतः जावा भाषेंत लिहिली. पन्नाशी उलटलेल्या माणसास नवी विद्या आली म्हणजे तो लहान मुलासारखा फुशारतो. मीहि त्याला अपवाद नव्हतों.

जून महिना सुरळीत गेला. जुलैंत आज्ञावली मंदावूं लागली. मी ती बंद करून पुन्हां चालू करीत असें, कीं ती ताजीतवानी होई. दुखण्याचें निदान न करतां रोज एक पुडी द्यावी, तसा हा उपचार होता. एका शुक्रवारीं मी पुण्यास गेलों तो सोमवारीं परतलों. मधल्या दिवसांत पावसानें झोडपून काढलें होतें, आणि माझ्या नोंदवहींत मात्र तीन दिवसांचे रकाने कोरे! वर्गांत जाऊन मीं मुलांना आळसाबद्दल चार शब्द सुनावले. कोणी कांहीं बोललें नाहीं. तास संपल्यावर पवन मावळांतील एक मुलगी टेबलाशीं आली आणि तिनें आपली वही माझ्यापुढें ठेवली. तिन्ही सकाळचे आंकडे पेन्सिलीनें मांडलेले होते. "सर, मी पाठवले होते," एवढेंच ती म्हणाली. पायवाटेवर गुडघाभर पाणी असतां ती मापकापर्यंत गेली होती. आंकडे माझ्या दारापर्यंत आले होते. दार उघडणारी आज्ञावलीच शनिवारीं पहाटे थिजली होती.

माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीस याच धंद्यांत आहे. रविवारीं तो घरीं लोणावळ्यास आला, तेव्हां मीं त्याच्यापुढें सारें प्रकरण ठेवलें. घटकाभर पाहून तो हंसला व म्हणाला, "सर, तुम्ही घेतलेलं परत केलं नाहीत."

मेमरी ही मोजक्या खोल्यांची धर्मशाळा आहे. आज्ञावलीस कांहीं ठेवावयाचें असलें म्हणजे ती खोली मागते. काम झालें कीं ती परत करावयाची. डेनिस रिची यांनीं 1972 च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेंत ही परतफेड सर्वस्वीं लिहिणाराच्या शिरावर असते. परत करण्यापूर्वीं खोलीचा पत्ताच हरवला, तर आज्ञावली बंद होईपर्यंत ती खोली अडून राहते. आमच्या तुंगार्लीच्या बाजूस फिरावयास गेलें म्हणजे असे बंगले दिसतात: मालक परगांवीं, किल्ली कोणापाशीं ठाऊक नाहीं, आंत कोणी राहत नाहीं आणि दुसऱ्यासहि राहतां येत नाहीं. छपराच्या गळतींत जें आंत येऊं नये तें येतें. या गळतींत जें बाहेर जावें तें जात नाहीं.

"पण जावाला तर झाडूवाला असतो!" मी म्हणालों. ही युक्ति जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेसाठीं 1959 च्या सुमारास काढली. मुळाशीं धरलेल्या धाग्यांवरून जेथें जेथें पोंचतां येतें त्या खोल्या राखावयाच्या, बाकीच्या मोकळ्या करावयाच्या. 1995 मध्यें आलेल्या जावानें ती घरोघर पोंचविली. परंतु झाडूवाल्यास धागा आहे कीं नाहीं एवढेंच दिसतें; त्या धाग्याची गरज उरली आहे कीं नाहीं, हें त्याला कोण सांगणार? नवा आंकडा आला कीं उघड्या आलेखांना वर्दी जावी म्हणून मीं एक यादी ठेवली होती. आलेख उघडला कीं त्याचें नांव यादींत जाई. आलेख मिटला तरी नांव खोडावयाचें मला सुचलें नव्हतें. विद्यार्थ्यानें तासाभराच्या अंतरानें मेमरीचीं दोन चित्रें घेऊन तीं ताडून पाहिलीं. मिटलेले शेंकडों आलेख त्या यादीच्या धाग्यावर जसेच्या तसे लोंबकळत होते.

मग त्यानें मेमरीच्या वापराची रेघ दाखविली. ती करवतीच्या दांत्यांसारखी होती: चढण, मग झाडलोटीबरोबर उतरण. "शिखरांकडे पाहूं नका सर, दऱ्यांकडे पाहा. निरोगी आज्ञावलीची दरी दर वेळीं त्याच पातळीला येते. तुमची प्रत्येक दरी मागच्या दरीपेक्षां उंच आहे." सारा जन्म सह्याद्रींत काढून दऱ्या पाहण्याची ही रीत मला नवी होती. दुरुस्ती एका ओळीची निघाली: आलेख मिटतांना यादींतलें नांव खोडावें. त्याचा आग्रह एवढाच, कीं नांव घालणारी ओळ लिहितांना खोडणारी ओळहि त्याच बैठकींत लिहावी.

माझें तीन रकान्यांवर निभावलें. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेंत 4 नोव्हेंबर 1992 रोजीं मध्यरात्रीनंतर गाड्या पाठविणारी यंत्रणा अशीच बंद पडली. तीन आठवड्यांपूर्वींच्या कामांत राहून गेलेल्या कांहीं ओळींमुळें दर गाडीमागें मेमरीचा एक लहानसा तुकडा अडकत होता, असें चौकशींत निष्पन्न झालें. तेथेंहि अखेर कागदावरच काम चालवावें लागलें.

चूक लहान होती याचें मला फारसें वाटत नाहीं. रोज बंद-चालू करून मीं ती झांकीत गेलों, आणि झांकलेली चूक उघडी पडली तेव्हां माझें बोट प्रथम मुलांकडे गेलें, हें मात्र सलतें. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत उभें राहून सर्व हकीकत सांगितली व त्या मुलीची माफी मागितली. वहींतले तिन्ही आंकडे मीं स्वतःच्या हातानें नोंदींत भरले.

हें लिहितांना टेबलावरचे कागद सारले, तों खालीं तीच वही निघाली. आंकडे उतरून घेण्यासाठीं म्हणून मीं ती घेतली होती. उद्यां पहिल्याच तासाला ती परत केली पाहिजे.