टाका चौकोनी नसतो

पहिला नमुना आला तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो होतो. क्राकूवमधलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, २०२२ चा नोव्हेंबर, साडेचारलाच बाहेर काळोख. पाकिटातून लाल-काळ्या लोकरीची टोपी निघाली. तिच्यावर आठ टोकांची चांदणी यायला हवी होती. आली होती ती कुणीतरी वर बसून चेपल्यासारखी, रुंद आणि बुटकी.

काकूंनी टोपी उलटी केली, सुलटी केली आणि हसायला लागल्या. "हे कोणी काढलं?"

मी काढलं होतं. जुन्या भरतकामाचा फोटो घेतला, छोटासा पायथन प्रोग्रॅम लिहिला आणि फोटोतली एक फुली म्हणजे एक टाका असा हिशेब धरून तक्ता बनवला. २२ टाके रुंद, २२ ओळी उंच. स्क्रीनवर अगदी नेमका दिसत होता. पण क्रॉस स्टिचची फुली चौकोनात बसते, विणकामातला टाका बसत नाही. तो उंचीपेक्षा रुंद असतो. आमच्या लोकरीला आणि सुयांना १० सेंटिमीटरमध्ये टाके बसत होते २२ आणि ओळी ३०. म्हणजे माझी चांदणी १० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ७.३ सेंटिमीटर उंच. हे कुठल्याही विणणारीनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

गेली तीन वर्षं मी नोकरी सांभाळून युक्रेनच्या वारशावर आधारलेल्या लोकरी टोप्या, मफलर आणि हातमोज्यांचा एक महागडा ब्रँड उभा करायला मदत करतोय. त्यात मी केलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या पहिल्या चुकीच्याच बहिणी आहेत. एक चूक मात्र टोपीवरची नव्हती. तिच्यामुळे हे लिहितोय.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, आटपाडीच्या बाजूचा. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि २०२१ मध्ये क्राकूवला आलो. माझ्या टीममधली टेस्टर इवानो-फ्रान्किव्स्कची. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये तिची आई एक बॅग घेऊन पोलंडला आली. मी त्यांना काकू म्हणतो. पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, मग अर्थ समजावून सांगावा लागला. त्यांना आवडला.

काकूंचं माहेर कार्पेथियन डोंगरात, कोसिव्हजवळ. तो हुत्सुल लोकांचा मुलूख. लाकडावरचं कोरीव काम, मण्यांच्या माळा, रंगवलेली मातीची भांडी. कोसिव्हच्या त्या भांड्यांची कला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. परक्या शहरात हात रिकामे राहिले की काकूंना झोप लागायची नाही, म्हणून त्या विणत बसायच्या. लेकीनं त्यातली एक टोपी ऑफिसला घातली, तिघींनी विचारलं, कुठून घेतलीस? ब्रँड तिथं सुरू झाला. गावाकडच्या सहा बायका विणायला तयार झाल्या. डिझाइन आणि नावनिशी मुलीची, विणकामावर देखरेख काकूंची, वेबसाइट, हिशेब आणि ४,००० युरोंची बचत माझी.

वेबसाइटवर मी पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'हजार वर्षांची विणकामाची परंपरा.' काकूंनी ते मुलीकडून समजून घेतलं आणि विचारलं, "कुणाची?"

खरी गोष्ट अशी की युक्रेनची जगभर ओळख आहे ती भरतकामासाठी. विशिवांका म्हणजे भरतकाम केलेला सदरा. त्याचा खास दिवसही असतो, मे महिन्यातला तिसरा गुरुवार. चेर्निव्त्सी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तो २००६ मध्ये सुरू केला. भरतकामाच्या जोडीला विणाई म्हणजे मागावरची: गालिचे, पट्टे, ब्लँकेट. सुयांवरच्या विणकामात हुत्सुलांचे रंगीत लोकरी मोजे आहेत, कापचुरी म्हणतात त्यांना. पण आमच्या टोप्यांवरचे बहुतेक नमुने सदऱ्याच्या बाहीवरून उचललेले. म्हणजे आम्ही परंपरा विकत नव्हतो, तिचं एका कापडातून दुसऱ्या कापडात भाषांतर करून विकत होतो. त्यात वाईट काहीच नाही, पण तसं सांगायला हवं.

दुसरा धक्का गुलाबांनी दिला. मी लाल-काळ्या गुलाबांचा एक नमुना निवडला होता, 'प्राचीन' असं लेबल लावून. काकू म्हणाल्या, हा साबणाचा आहे. मला वाटलं, भाषेचा घोळ झाला. घोळ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रोकार नावाच्या फ्रेंच माणसाचा मॉस्कोत साबण आणि अत्तरांचा कारखाना होता. साबण खपावा म्हणून त्याबरोबर क्रॉस स्टिचच्या नमुन्यांचे कागद मिळायचे. ते कागद गावोगावी गेले, बायकांनी नमुने उतरवून घेतले आणि दोन पिढ्यांत ते गुलाब आजीचे झाले. मी हिरमुसलो. काकू मात्र मजेत होत्या. "आवडले म्हणून घेतले. आजीनं भरले तर आजीचेच की!"

'प्राचीन' हा शब्द मी साइटवरून काढून टाकला. आता गुलाबांच्या मफलरखाली साबणाची गोष्ट आहे आणि लोक तीच सगळ्यात जास्त वाचतात.

आता पैशांचं बोलू, कारण 'लक्झरी' शब्द ऐकला की आपल्याकडे नाकं मुरडतात. माझ्या आईनंही मुरडलं. "टोपीला १४५ युरो? लोकर सोन्याची आहे का?"

नाही. एका टोपीला ९ तास लागतात. विणणारीला ताशी ५ युरो, म्हणजे ४५. मेरिनो लोकर १६. पोलंडचा २३ टक्के व्हॅट, म्हणजे २७. ने-आण, डबा आणि कुरिअर मिळून १८, कार्डाचं कमिशन ४. उरले ३५. त्यातून फोटो, जाहिराती, परत आलेला माल आणि चेपलेल्या चांदण्या. याच टोपीची किंमत ४० युरो ठेवायची तर एकच जागा आहे कापायला, ते ९ तास.

लोकर तरी तिथलीच घ्या, असं मीच सुचवलं होतं. डोंगरातल्या मेंढीची लोकर मागवली. मफलर झाला देखणा, पण मानेला दहा मिनिटं सहन होईना. मेरिनोचा धागा १८-१९ मायक्रॉनचा, डोंगरी मेंढीचा त्याच्या दुप्पट जाड. ती लोकर मानेसाठी नाहीच. यावोरिव्ह नावाच्या गावात तिची लिझ्निक विणतात, जाडजूड ब्लँकेटं. मागावरून उतरली की ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हौदात तासन् तास घुसळतात, म्हणजे वीण घट्ट होते आणि केस वर येतात. काकूंनी फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा मला माझ्या आजोबांची घोंगडी आठवली. दख्खनी मेंढीची तीच खरखरीत लोकर, खड्ड्याच्या मागावर सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात अंगावर, उन्हात डोक्यावर आणि रात्री अंगाखाली. तिचा स्कार्फ करायचं डोक्यात आलं असतं तर आजोबांनी मलाच तपासायला नेलं असतं.

माझा सगळ्यात मोठा हट्ट मशीनचा होता. विणकामाचं कॉम्प्युटरवरचं मशीन माझा तक्ता थेट वाचतं आणि ९ तासांचं काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. आम्ही एका छोट्या वर्कशॉपशी बोलणंही केलं होतं. पण १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियानं युक्रेनच्या वीजकेंद्रांवर मारा सुरू केला. वीज वेळापत्रकानं येऊ लागली, कधी तेही पाळलं जाईना. मशीन ओळीच्या मधेच थांबायचं आणि तो तुकडा वाया जायचा. सुया थांबत नव्हत्या. बायका दिवसाउजेडी नक्षीचा भाग विणायच्या आणि अंधार पडला की साध्या कडा. कडेला डोळे लागत नाहीत, बोटांना पाठ असतं.

याच गोष्टीनं माझा घात केला.

डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थंड होती. माझ्या ४,००० पैकी ६०० उरले होते. मी ग्राहकांना एक मेल लिहिला, विषय: 'अंधारात विणलेली टोपी.' त्यात एका विणणारीबद्दल लिहिलं. तिच्या हातांचा फोटो टाकला. तिचा मुलगा आघाडीवर आहे, ती त्याच्या फोनची वाट पाहत विणते, असं लिहिलं. फोटोसाठी तिची परवानगी होती. मुलाची गोष्ट मी काकूंकडून ऐकली होती. त्यासाठी तिला विचारावं असं मला सुचलंही नाही. तीन महिन्यांत जेवढा माल जातो तेवढा दोन दिवसांत गेला. ३८ नग.

कुठलाही इंजिनिअर करेल तेच मी केलं. जे चाललं ते ऑटोमेट केलं. नवीन माणसानं साइटवर मेल आयडी दिला की तिसऱ्या दिवशी त्याला ही गोष्ट आपोआप जायची. मग मी विसरून गेलो.

जानेवारीच्या शेवटी तिचा मुलगा बेपत्ता झाला. काकूंनी सांगितलं तेव्हा आम्ही तिला पुढचे पैसे आगाऊ पाठवले आणि कामाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. आपण बरोबर वागलो असं मला वाटत होतं.

मार्चमध्ये तिच्या मुलीनं मैत्रिणीला दाखवायला म्हणून आमच्या साइटवर नाव नोंदवलं. तिसऱ्या दिवशी तिला मेल गेला. आईच्या हातांचा फोटो, आणि भाऊ आघाडीवर आहे, आई त्याच्या फोनची वाट पाहतेय. तिनं माझ्या सहकारीला फक्त स्क्रीनशॉट पाठवला. सोबत एक शब्दही नाही.

मी मीटिंगमध्ये होतो. माझी सहकारी काचेच्या दारापाशी येऊन उभी राहिली आणि तिनं फोन माझ्यासमोर धरला. मेल बंद करायला मला दोन मिनिटं लागली. नंतर मी लॉग काढून मोजलं. तो बेपत्ता झाल्यापासून २११ लोकांना ती गोष्ट गेली होती. त्यातल्या काहींनी उत्तरं लिहिली होती. 'तिला आमचं प्रेम सांगा.' 'तिनंच विणलेली टोपी मिळेल का?' त्यातल्या एकाही पत्राला दुष्ट म्हणता येणार नाही. तो बाजार मी मांडला होता.

मी माफीचं पत्र लिहिलं, काकूंनी फोनवर तिला वाचून दाखवलं. तिनं त्यावर काहीच म्हटलं नाही. मे महिन्यात निरोप आला, लोकर पाठवा. अट एकच, तिचं नाव किंवा हात कुठं दिसता कामा नयेत. तिचा मुलगा अजून सापडलेला नाही. ती विणते.

यानंतर मला युद्धाचा शब्दच साइटवर नको होता. माझी सहकारी त्यावर चिडली. ती म्हणाली, "युद्ध लपवणं हेही खोटंच. आमच्याकडे शांतता आहे असं दाखवून तुला बरं वाटणार असेल तर ते तुझ्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही." आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. शेवटी ठरलं ते असं: वस्तू कुठे विणली, किती तासांत, लोकर कुठली, नमुना कुठून घेतला, हे सगळं लिहायचं. युद्ध चालू आहे आणि त्यामुळे उशीर होऊ शकतो, हेही लिहायचं. पण माणसाबद्दलचं एकही वाक्य त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. आणि कुठलंच वाक्य आपोआप पाठवायचं नाही.

विक्री कमी झाली. हिवाळ्यात महिन्याला ४० च्या आसपास नग जातात, उन्हाळ्यात जवळजवळ शून्य. माझे ४,००० अजून सुटलेले नाहीत. सहाच्या नऊ विणणाऱ्या झाल्यात, एवढी प्रगती.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. तेव्हा आपल्याकडे सगळे पेटून उठले. मीही उठलो. २०१९ पासून आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, नाव घ्यायला काय जातं यांचं? रागानं पोस्ट लिहायला घेतली आणि अर्ध्यात थांबलो. नाव न घेता वापरणं वाईटच. पण न विचारता नाव घेऊन वापरणं काय असतं, ते मी करून बसलो होतो.

आता गावाकडून मेसेज येतात. चुलतभाऊ म्हणतो, "दादा, तिकडचं पुरे झालं, घोंगडीचा ब्रँड काढू. तू साइट कर." काढूया की. पण साइट शेवटी. आधी मागावर बसणाऱ्याच्या शेजारी महिनाभर बसायचं, घोंगडी कशासाठी असते आणि कशासाठी नसते ते ऐकायचं, त्याचे तास मोजायचे. त्याला गोष्ट सांगायची असेल तर ती कोणती, हे त्यानं ठरवायचं. चुलतभावानं यावर फक्त अंगठा पाठवलाय.

ती पहिली टोपी काकूंना उसवायची होती, लोकर वाया कशाला घालवायची म्हणून. मी दिली नाही. थंडीत तीच घालून ऑफिसला जातो. काल रात्री नव्या हातमोज्यांचा तक्ता काढला, या वेळी टाक्यांचं प्रमाण नीट धरून. चांदणी झकास आली. काकूंनी मेजपट्टीही न लावता पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे मागच्या बाजूला नऊ टाके धागा मोकळा राहतोय. हात घालताना बोट अडकेल."

आज रात्री तो परत काढायचाय.