दादांची मोटार

आमच्या घरात वारसा म्हणून फार काही आले नाही. दादा जहाजावर सारंग होते. मुंबई गोदीतून कायमचे घरी परतले तेव्हा त्यांच्यासोबत एक पेटी होती, एक जानमाज होती आणि गोणपाटात गुंडाळलेली होडीची मोटार होती. ‘ब्रिटिश सीगल’. इंग्लंडमधील पूल या बंदरगावी ती बनत असे. तिची रचना अगदी साधी आहे. वर फिरते चाक, मध्ये एक सिलिंडर, लांब नळी आणि खाली पंखा. चाकाला दोरी गुंडाळायची, बिस्मिल्ला म्हणायचे आणि ओढायची. आमच्या मोटारीला न्यूट्रल नव्हते. ती सुरू झाली की होडी निघालीच.

वाशिष्ठीच्या खाडीत दादांनी ती वर्षानुवर्षे चालवली. वऱ्हाडे नेली, आजारी माणसे नेली, एकदोन जनाजेही नेले. दादा गेले आणि अब्बा व चाचांमध्ये वाटणी झाली. अंगणात भिंत उभी राहिली. मोटार आमच्या वाट्याला आली, तिची पितळी टाकी मात्र चाचांच्या माळ्यावर राहिली. टाकीवाचून मोटार आणि मोटारीवाचून टाकी! पण मागायचे कोणी? दोघा भावांचे बोलणेच बंद झाले होते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले, तसे आमचे घरही बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही भाऊ चिखल उपसत होतो, तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात मोटार सापडली. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने तिला काट्यावर ठेवलेही. अब्बा आतून आले, मोटार उचलली आणि काही न बोलता पायरीवर नेऊन ठेवली. त्या दिवशी घरातले निम्मे सामान आम्ही फेकले होते; ही एक वस्तू परत आत आली.

मग आम्ही तिला खोलायला बसलो. गंजलेल्या नटांवर रोज रॉकेल सोडायचे आणि वाट पाहायची. एक नट सुटायला अकरा दिवस लागले. खालच्या गिअरपेटीतून तेलाऐवजी ताकासारखे पांढरे पाणी निघाले. चाकाखालचे पॉइंट काचकागदाने घासले, त्यांच्यात वीस थाउची फट ठेवली. कॉइल मेली होती. ती बाजारातल्या एका वाइंडिंगवाल्याने पुन्हा भरून दिली. पंख्याचा झटका सोसणारी स्प्रिंग तुटली होती, ती लंडनच्या मामेभावाने धाडली. ही मोटार बनणे कधीच बंद झाले, तरी तिचे सुटे भाग तिकडे अजून मिळतात.

सगळे झाले, टाकी राहिली. आम्ही प्लॅस्टिकचा डबा लावू म्हणालो. अब्बांनी मान हलवली, पण ‘मागून आणा’ असेही म्हणाले नाहीत.

३ मे २०२२ ला रमजान ईद होती. अम्मीने शीरखुर्म्याचे भांडे भरले आणि आम्हांला काही न विचारता भिंतीपलीकडे पाठवले. कोणाचे भांडे रिकामे परत पाठवू नये, ही आपली जुनी रीत. संध्याकाळी भांडे परत आले. त्यात सांदणे होती, आणि चाचांचा मुलगा दुसऱ्या हातात टाकी घेऊन उभा होता. पितळ चिंचेने घासून लख्ख केलेले.

दुसऱ्या दिवशी अंगणात पाण्याचे पिंप भरून आम्ही मोटार लावली. हल्लीच्या हिशेबाने पेट्रोलात थोडेसेच तेल घातले. दोरी ओढणार एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला,

“तेल किती घातलंत?”

आम्ही सांगितले.

“जाळून टाकाल तिला! जुनी आहे ती. दहा मापांना एक माप. बा तसंच घालायचा.”

अब्बा खुर्चीवरून उठले. भिंतीकडे पाहत म्हणाले, “तूच ये नि घाल. माझ्या लक्षात नाही.”

अब्बांच्या लक्षात होते. कालच त्यांनी आम्हांला ते माप सांगितले होते, आणि आम्हीच ऐकले नव्हते.

चाचा आले. तेल मोजून घातले. चौथ्या ओढीला मोटारीने निळा धूर सोडला आणि अंगण थरथरू लागले. दोघे भाऊ शेजारी उभे राहून खोकत होते. भिंत अजून आहे. तिच्यात दार पाडायचे ठरले आहे, गवंडी मिळत नाही.