कुरकुर

आमच्या वाशीम जिल्ह्यात हल्ली वेगाला फार भाव आला आहे. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तो आमच्या जिल्ह्यातूनच गेला. आणि तेव्हापासून चार माणसे पारावर जमली, की कारंज्याहून नागपूरला कोण किती वेळात पोहोचला याचेच हिशेब चालतात. आपली गाडी किती अंतरात थांबली, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. थांबणे ही गोष्ट सगळे गृहीतच धरतात.

मीही ती धरली होती. म्हणूनच माझी जुनी, छोटी मोटार थांबताना पुढच्या चाकातून किर्रर्र असा बारीक आवाज करू लागली, तेव्हा पंधरा दिवस मी तिकडे चक्क काणाडोळा केला. काच वर केली की तो आवाज ऐकू येत नसे. आणि जे ऐकू येत नाही ते नाहीच, अशी माझी सोयीस्कर समजूत. आमचे वडील असे नव्हते. बंडीचे चाक कुरकुरले, की ते आहे तिथे बंडी उभी करीत आणि आसाला वंगण घालूनच पुढे निघत. “बैल बोलत नाही, लाकूड बोलते. त्याचं तरी ऐकावं,” असे ते म्हणत.

शेवटी शेजारचा मुलगा, जो आयटीआयमध्ये शिकला आहे, चाकाशी बसून म्हणाला, “काका, पॅड संपले. नवे आणा, आपण अंगणातच बदलू.”

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लोखंडी स्टँड सरकवला. चाक निघाले तेव्हा आत चकाकणारी लोखंडी तबकडी दिसली. तिला दोन्ही बाजूंनी कवेत धरणारा तो कॅलिपर, आणि त्याच्या दोन जबड्यांत बसवलेले ते पॅड. खालचा बोल्ट काढून त्याने कॅलिपर वर उचलला. तेलाच्या नळीवर त्याचा भार पडू नये म्हणून तारेने बांधला. मी सवयीने धूळ फुंकायला गेलो, तर त्याने अडवले. पूर्वी या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. आता बहुतेकांत नसला तरी ती धूळ छातीत घेण्यासारखी नव्हेच. ओल्या फडक्याने पुसावी.

नवा आणि जुना पॅड मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नव्याचे अस्तर चांगले बोटभर जाड. जुन्याचे दोन मिलिमीटरही उरले नव्हते. माझ्या प्रत्येक थांबण्यापायी ते कणाकणाने झिजले होते. पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. पॅडच्या कडेला पोलादाची एक चिमुकली, वाकडी पट्टी होती. मुलगा म्हणाला, “आवाज हिचा होता, काका. अस्तर संपत आलं, की ही तबकडीला घासते. मुद्दामच ठेवलेली असते.”

मुद्दाम! 1902 साली लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियराने तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा तांब्याचे अस्तर असलेले ते ब्रेक भयंकर किंचाळत. पुढे चांगली अस्तरे निघाली आणि हे किंचाळणे थांबले. आणि एवढ्या खटाटोपाने घालवलेला आवाज माणसाने एक पट्टी लावून पुन्हा आणला. कारण मुकाट्याने झिजणारी वस्तू घात करते, हे त्याला कळून चुकले.

ओसरीवर आई तूर निवडत बसली होती. तिने जुना पॅड हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “पार झिजून गेला रे हा!” इतकेच. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ‘कधी कुरकुर म्हणून केली नाही’ हे तिचे कौतुक आम्ही भावंडे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. तो पॅड तिच्या हातात पाहिला आणि ते कौतुक मला एकाएकी बोचू लागले.

दोन्ही चाके बसली. मी उत्साहाने गाडी सुरू करायला गेलो, तोच मुलगा ओरडला, “काका, हलवू नका! आधी पेडल मारा.” मी पाय दाबला, पेडल थेट तळाला जाऊन टेकले. माझ्या पोटात गोळा आला. नवे जाड पॅड बसवताना दट्ट्या मागे रेटलेला असतो. तो पुढे येईपर्यंत पाय पोकळीतच पडतो. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले; चौथ्यांदा कुठे पायाला कठीण काहीतरी लागले.

संध्याकाळी मी आईजवळ जाऊन बसलो. “आई, तब्येत कशी आहे?”

“मले काय होते?”

पुन्हा विचारले. “काही नाही रे.” तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ती तुरीकडे पाहत राहिली. चौथ्यांदा म्हणाली, “रातच्याले छातीत दाटल्यावानी होते. दोन महिने झाले. तुले कायले सांगू? उगाच घोर लावून घेशील.”

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन अकोल्याला निघालो. मेडशी मागे पडली आणि पातूरचा घाट लागला. उतार मोठा, पॅड नवे. त्यांना एकदम जोर देऊ नये म्हणून मी खालच्या गियरमध्ये सावकाश उतरत होतो. ब्रेक आता अगदी गप्प होते. एका वळणावर मागून आईचा आवाज आला, “हळू चालव ना रे, मले भेव लागते.”

मी गाडी आणखी हळू केली, आणि काच वर होती ती खाली घेतली.